विचारायचं काम माझ्याकडे होतं

ज्या गोष्टींत आपण शहाणे ठरतो ना, त्या फार दिवस आपल्याजवळ राहत नाहीत. आपण चार जणांना सांगतो, ते आणखी चार जणांना सांगतात, आणि संपल्या. ज्यांत आपली मान खाली गेली, त्या मात्र कुठं जात नाहीत. मी लग्नाआधी अमळनेरला जिनिंगमध्ये कामाला जायचे. संध्याकाळी लुगडं कितीही झटकलं तरी कापसाचा बारीक तूस विणीत राहायचाच. तसंच हे आहे.

धुळ्याच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरची मावशी होते. सगळे मला अक्का म्हणायचे, मोठे सर्जनसुद्धा. मला अक्षर येत नाही. मी सांगतेय आणि नात लिहून घेतेय. मध्ये हसायचं नाही, एवढं तिला बजावलंय.

माझं काम म्हणजे फरशी पुसायची, ट्रॉली ढकलायची, पेशंटला उचलायला हात लावायचा. आणि एक काम असं होतं की ते कुठल्या कागदावर नव्हतं. विचारायचं काम. खेड्यावरचा पेशंट डॉक्टरसमोर हात जोडतो आणि सगळ्याला नाही म्हणतो. बिडी? नाही साहेब. चहा घेतला? नाही साहेब. कारण खरं सांगितलं तर डॉक्टर रागावतील आणि ऑपरेशन लांबेल. मग भुलीच्या मॅडम मला म्हणायच्या, "अक्का, विचारून या." मी जायची, अहिराणीत दोन शब्द बोलायची, कुठल्या गावचे, पाहुणे कोण, आणि खरं ते बाहेर यायचं. मी येऊन सांगायची. त्यावर मॅडम माणसाला झोपवायच्या.

छातीचं ऑपरेशन असलं की गोष्ट आणखी नाजूक. मोठ्या सरांना आत काम करायला जागा लागते, म्हणून ज्या बाजूचं काम असेल ते फुप्फुस बंद ठेवतात. मॅडम घशातून एक जोडनळी घालायच्या, एका नळीत दोन वाटा. एक वाट बंद केली की ते फुप्फुस हळूहळू मिटत जातं आणि दोन-तीन तास माणूस दुसऱ्या एकाच फुप्फुसावर असतो. त्या एकाला काही झालं तर मागं काही नाही. म्हणजे पेशंट एका फुप्फुसावर आणि मॅडम माझ्या शब्दावर.

तो शब्द मी कुठं कुठं खराब केला ते सांगते. शेवटची गोष्ट माझ्या सख्ख्या भावाची आहे.

*

पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी थक्कच झाले. गुलाबी-काळसर असं ते फुप्फुस, सारखं वरखाली होणारं, आणि मॅडमनी चिमटा लावला तर पोरांच्या जत्रेतल्या फुग्यासारखं बसत गेलं. इकडं मशीनचा टिक टिक आवाज मात्र तसाच स्वच्छ. मी म्हटलं, काय ही विद्या!

आता एवढं पाहिल्यावर बाईमाणसाच्या पोटात राहील का? कापडं आणायला बाहेर आले. दाराशी पेशंटची बायको, दोघी नणंदा, गावचे दहा-बारा जण. बायकोनं विचारलं, "काय झायं वं अक्का?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं, एक फुप्फुस बंद केलं, आता एकावरच आहे.

आणि कापडं घेऊन आत निघून आले. पुढचं सांगायचं राहिलं, की ते परत चालू करतात.

चार तासांनी पेशंटला ट्रॉलीवरून बाहेर आणलं तर व्हरांड्यात हंबरडा. बायकोनं कपाळ भिंतीला टेकवलेलं, नणंदा एकमेकींच्या गळ्यात, एका म्हाताऱ्यानं तर गावाकडं फोन करून पुढची तयारी करायला सांगितलेली. पेशंट अर्धवट गुंगीत. त्यानं डोळे किलकिले केले, सगळ्यांकडं बघितलं, आणि खोल गेलेल्या आवाजात बायकोला विचारलं,

"कोन गया वं?"

मॅडमना सगळं कळलं. त्या स्वतः व्हरांड्यात गेल्या, पाऊण तास उभ्या राहून एकेकाला समजावलं. मी दारामागं उभी होते. पाऊण तास मला बाहेर यायचं धाडस झालं नाही.

*

छातीच्या ऑपरेशनच्या आधी आठ-दहा दिवस पेशंटला एक खेळणं देतात. प्लॅस्टिकची तीन नळकांडी, त्यांत तीन गोळ्या, आणि एक नळी. त्यानं फुप्फुसाला व्यायाम होतो. आधी दम वाढवून ठेवला तर मग एकावर भागतं.

शिंदखेड्याकडचे एक आबा होते. शांत माणूस, दोन मुलं, बारा बिघे वावर. व्यायाम शिकवणारी मुलगी त्या दिवशी रजेवर. आबांनी मला विचारलं, "अक्का, हे काय करायचं?" मी आता थिएटरची जुनी बाई. मला माहीत नाही असं कसं म्हणणार? मी म्हटलं, फुंकायचं आबा, जोरात फुंकायचं.

आबांनी चार दिवस फुंकलं. गाल दुखले, डोळ्यांत पाणी आलं, पण गोळ्या जागच्या हलेनात. शेजारच्या खाटेवरच्या पोरीच्या तिन्ही गोळ्या पार वर टोकाला लागायच्या. आबांना वाटलं, आपलं फुप्फुस संपलं. चौथ्या दिवशी त्यांनी दोन्ही मुलांना बोलावून घेतलं, गावचा पोलीसपाटील बोलावला, आणि खाटेवर बसूनच वाटणी केली. विहिरीकडचं धाकट्याला, रस्त्याकडचं थोरल्याला.

पाचव्या दिवशी ती मुलगी रजेवरून आली. म्हणाली, "आबा, फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं." आबांनी ओढलं. तिन्ही गोळ्या खट्कन वर!

आबांनी परत एकदा ओढून खात्री केली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अक्का, फुप्फुस चांगलं शे मन्हं. आता वावर कसं ओढू?"

मुलं काही परत द्यायला तयार नव्हती.

*

नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला असलेला एक जण होता. मी बिडीचं विचारलं. त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, महिना झाला सोडली. मी मॅडमना सांगितलं, सोडली आहे.

दुसऱ्या दिवशी चादर बदलताना भटूनं त्याची उशी उचलली. भटू म्हणजे आमचा ब्रदर, थिएटरचा. उशीखाली बिड्यांचा अर्धा कट्टा आणि काडेपेटी. भटूनं ती काडेपेटी माझ्यासमोर धरली.

ती मीच आणून दिली होती. देवाच्या फोटोपुढं उदबत्ती लावायची म्हणाला होता.

*

एक गुरुजी आले होते, अमळनेर तालुक्यातले, निवृत्त मुख्याध्यापक. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, थिएटरच्या हिरव्या कपड्यांतसुद्धा वरचं बटण लावलेलं. मॅडमनी मला नेहमीचं विचारायला पाठवलं. खाल्लं का, बिडी का, दात खरे की खोटे.

नळी घालताना तोंड पूर्ण उघडावं लागतं. खोटे दात असले तर आधी काढून ठेवतात, नाहीतर तो तुकडा घशात जाऊन बसतो. त्यात ही जोडनळी जाड. मला हे सगळं पाठ होतं.

पण गुरुजींच्या खाटेशी त्यांची नवी सून उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. तिच्यासमोर त्यांना दातांचं विचारायला मला कसंतरी झालं. मी नुसतं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. दात असे मोत्यासारखे. गुरुजी माझ्याकडं पाहून किंचित हसले. मी समजले की खरे आहेत. ते समजले की मी समजून घेतलंय.

आत येऊन मी सांगितलं, दात खरे आहेत.

मॅडमची एक चांगली सवय होती. कोणी काही सांगो, झोपवायच्या आधी त्या स्वतः एकदा तोंडात बोट फिरवायच्या. त्यांनी फिरवलं. वरची सगळी कवळी हातात आली.

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. मॅडमनी कवळी नीट पुसली, माझा हात उलटा करून तळव्यावर ठेवली, आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"अक्का, सांभाळा. तुमचंच उत्तर आहे."

*

आता ही गोष्ट मी भटूच्या समोर कधी सांगितलेली नाही.

जोडनळी घातली की मॅडम छातीच्या दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावून ऐकायच्या, मग बारीक दुर्बीण आत घालून बघायच्या की नळी जिथं हवी तिथंच आहे. त्यानंतर पेशंटला कुशीवर वळवतात. वळवताना मानेला धक्का लागला तर नळी बोटभर इकडंतिकडं सरकते. बोटभर म्हणजे बाहेर काहीच नाही, पण आत त्या बोटभरात चांगल्या फुप्फुसाचीच वाट बंद होऊ शकते. म्हणून चौघांनी मिळून हळू वळवायचं, एक-दोन-तीन म्हणून.

त्या दिवशीची पेशंट बाई चांगली भरलेली होती. मॅडम डोक्याशी, भटू कमरेशी, एक सिस्टर पायांशी, मी पाठीखालची चादर धरून. मॅडमनी "तीन" म्हणायच्या आधीच मी ओढली. आणि झटक्यानं ओढली, कारण माझा पाय ओल्या फरशीवर सरकला. फरशी मीच पुसलेली.

मला आकडे वाचता येत नाहीत, पण त्या मशीनचा आवाज मला कळतो. रक्तात हवा चांगली असली की टिक टिक वरच्या पट्टीत असते. कमी झाली की सूर उतरत जातो. वरचं फुप्फुस बंद केलं आणि जरा वेळानं सूर उतरायला लागला. सगळ्यांच्या आधी मला कळलं, आणि का उतरतोय हेही मला एकटीलाच कळलं. मी गप्प उभी.

मोठे सर म्हणाले, पाच मिनिटं द्या, माझं होतंय. मॅडम म्हणाल्या, "सर, हात बाहेर घ्या." मोठ्या सरांना असं कोणी बोलत नसे. त्यांनी हात बाहेर घेतले. मॅडमनी चिमटा सोडला, दोन्ही फुप्फुसांत हवा भरली, सूर वर आला. मग दुर्बीण घातली, नळी सरकलेली होती, ती जागेवर आणली. हे सगळं त्यांनी इतक्या शांतपणे केलं, जशी एखादी बाई चुलीवरचं दूध उतू जाताना बघून पातेलं उतरवते.

ऑपरेशन झाल्यावर त्यांनी विचारलं, "वळवताना झटका कोणाचा बसला?"

मी म्हटलं, भटूचा.

भटू तिथंच उभा होता. मॅडमनी त्याला दहा मिनिटं ऐकवलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला.

दुपारी तो माझ्यासाठी चहा घेऊन आला. माझ्याशेजारी बाकावर बसला, बशीत ओतून दिला, आणि म्हणाला, "अक्का, मी झटका दिला तेव्हा तुम्हाला लागलं तर नाही ना कुठं?"

*

आता नानाची गोष्ट.

नाना माझा धाकटा भाऊ. सगळं गाव नाना म्हणतं म्हणून मीही नानाच म्हणते. त्याच्याकडं शेळ्या आणि दोन कुत्री. त्याच्या उजव्या फुप्फुसात पाण्याची गाठ निघाली, लिंबाएवढी. कुत्र्या-शेळ्यांमधून होते म्हणे ती. ती काढायची तर फुप्फुस बंद करूनच काढायची, कारण गाठ फुटली तर आतलं पाणी दुसऱ्या, चांगल्या फुप्फुसात जायला नको. मी सगळ्या घराला म्हटलं, काळजी करू नका, माझं थिएटर आहे. भावजय-भाच्यांपुढं मी काय काय सांगितलं ते आता आठवलं तरी कान गरम होतात.

आमची आई होती तेव्हा नाना कुठंही मोठ्या कामाला निघाला की ती त्याच्या हातावर दही-साखर ठेवायची. शाळेच्या परीक्षेला, कापसाची गाडी भरून निघाला तेव्हा, लग्नाच्या वरातीला. ती गेल्यावर मी थोरली. नाना बोलून दाखवत नाही, पण निघताना एकदा माझ्याकडं बघतो.

ऑपरेशनच्या सकाळी मी घरून छोट्या डबीत दही-साखर घेऊन गेले.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची मला सोय नाही. बावीस वर्षं मी तेच तर सांगत आले. आदल्या गुरुवारीच एका पोराच्या आईला मी व्हरांड्यात सगळ्यांसमोर बोलले होते, तिनं त्याला घोटभर पाणी दिलं म्हणून. भुलीत माणसाचा घसाही झोपतो. पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात जातं. आणि इथं तर एकच चालू ठेवायचं. हे मी त्या बाईला असं सांगितलं होतं की ती रडली होती.

नाना खाटेवर बसलेला होता. हिरवे कपडे घातलेले, पाय लोंबते. त्यानं मला पाहिलं आणि काही न बोलता उजवा हात पुढं केला. मी म्हटलं, एवढंसं तर आहे. चमचाभर. दिलं. त्यानं चाटलं, मी त्याचा हात पदरानं पुसला.

आत मॅडमनी विचारलं, "अक्का, विचारलंत?"

मी म्हटलं, उपाशी आहे.

नानाला टेबलावर घेतलं. मॅडमनी तोंडावर मास्क धरला, म्हणाल्या, नाना, लांब श्वास घ्या. भटूच्या हातात ते दुधासारखं पांढरं औषध, सुईला जोडलेलं. ते गेलं की माणूस दहा आकड्यांत झोपतो. मोठे सर बाहेर हात धूत होते. ते दर गुरुवारी नाशिकहून यायचे, फक्त अशा ऑपरेशनांसाठी.

मशीनचा सूर वरच्या पट्टीत होता. मला वाटलं, चमचाभरच तर आहे, जिरलंसुद्धा असेल. मग वाटलं, हा सूर उतरला तर मी कोणाचं नाव सांगणार?

मी म्हटलं, "मॅडम, थांबा. मी त्याला दही दिलंय."

भटूचा हात तिथंच थांबला. मॅडमनी मास्क धरलेलाच ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. "किती?"

"चमचाभर. सकाळी साडेसातला. साखर घालून."

साखरेचं का सांगितलं कोण जाणे.

मॅडमनी मास्क बाजूला केला. "नाना, तुमच्या बहिणीनं दही दिलं ते तुम्ही गिळलंत का?"

नाना टेबलावर आडवा, हात दोन्हीकडं पट्ट्यांनी बांधलेले. त्यानं आमच्याकडं पाहिलं आणि समजूत घातल्यासारखं म्हणाला,

"काय दही लिसन बसनी वं अक्का! मी तं पहाटे कळनानी भाकर खायेल शे. भरीतसंगे. दोन."

मग त्यानं पुढचंही सांगितलं. त्याची बायको सुमन, तिनं पहाटे ज्वारी-उडदाच्या भाकरींचा डबा आणला होता. छातीचं एवढं मोठं काम, उपाशी माणसाला भूल कशी सोसायची, म्हणून. दोघांनी गोधडीआड बसून खाल्लं, सिस्टरला वास येऊ नये म्हणून खिडकी उघडून. मिरचीचं हिरवं भरीत, वरून तेल.

मॅडमनी त्याला विचारलं, मग कोणाला सांगितलं का नाही? नाना म्हणाला, कोणी विचारलंच नाही.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "अक्का, तुम्ही विचारलं नव्हतं?"

"नाही."

"का?"

मी म्हटलं, "भाऊ आहे ना."

मॅडमनी हातमोजे काढले. मोठे सर ओले हात वर धरून आत आले, तेव्हा त्यांना एवढंच सांगितलं की आज नाही, पुढच्या गुरुवारी. सरांनी कारण विचारलं. मॅडम म्हणाल्या, पेशंट जेवलाय. सर म्हणाले, मग तुमच्या अक्का काय करत होत्या? मी त्यांच्यासमोरच उभी होते, बादली घेऊन.

नानाला आम्ही जागाच ट्रॉलीवर घातला आणि बाहेर आणला. व्हरांड्यात दोन गाड्या भरून आलेलं गाव उभं होतं. त्यांना वाटलं, अर्ध्या तासात झालं! एकानं तर म्हटलं, अक्काची ओळख आहे म्हणून लवकर झालं.

*

तो आठवडा कसा गेला ते मला विचारू नका. मॅडम माझ्याशी नेहमीसारखंच बोलायच्या, त्यानं जास्त लागायचं. सुमन माझ्यापुढं रडायची, तिला मी काय बोलणार? मी विचारलं नाही म्हणूनच तर तिचा डबा लपून राहिला होता.

गुरुवार उजाडला. त्या दिवशी मी लवकर गेले, हात धुतले, पुसले, आणि वॉर्डात जाऊन नानाच्या खाटेशी बसले. पदर कमरेला घट्ट खोचलेला, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवलेले. नानानं एकदा त्या हातांकडं पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहत राहिला. त्यानंही हात पुढं केला नाही.

आठ वाजता मॅडम म्हणाल्या, "अक्का, विचारून या."

मी म्हटलं, आज भटूला पाठवा.

"भटूचं काम वेगळं आहे."

मी परत गेले. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. बावन्न वर्षांच्या माझ्या भावाला, ज्याला मी कडेवर घेऊन अंगणात फिरवलाय, त्याला मी विचारलं, "तुमचं नाव काय?"

नाना हसणार होता. माझं तोंड पाहून थांबला. पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

"रात्रीपासून काही खाल्लं का? पाणी? चहा? तंबाखू?"

"नाही, बाई."

"दात?"

"खरे शेतस."

मी तरी तोंड उघडायला लावलं आणि बॅटरीनं पाहिलं. उशी उचलली. गादीखाली हात घातला. सुमनचा डबा उघडून पाहिला, रिकामा, धुतलेला. सुमनलाही वेगळं बाहेर नेऊन विचारलं, तिच्या पोरीला विचारलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीलाही विचारलं. म्हातारी म्हणाली, "चोर शे का तो?" मी म्हटलं, नाही, भाऊ आहे.

मग आत जाऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि नानाला झोपवलं.

वळवताना मी चादरीला हात लावला नाही, नुसते पाय धरले. मॅडमनी दुर्बीण आधी घातली, वळवल्यावर परत घातली. उजवं फुप्फुस मिटत गेलं. मी कोपऱ्यात उभी राहून फक्त सूर ऐकत होते. तासाभरानं तो उतरायला लागला. मी तोंड उघडायच्या आतच मॅडमचं लक्ष होतं. सरांना थांबवलं, दोन्हींत हवा भरली, आतला कफ ओढून घेतला, थोडा वेळ जाऊ दिला, मग परत बंद केलं. पुन्हा नाही उतरला. गाठ अख्खी निघाली, पांढरी, सोललेल्या अंड्यासारखी. मिटलेलं फुप्फुस मॅडमनी परत फुलवलं तेव्हा ते एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू गुलाबी झालं. मी ते बावीस वर्षांत कितीदा पाहिलं असेल. त्या दिवशी मला बघवलं नाही, मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. भटू माझ्यामागं येऊन उभा राहिला, जणू काही शोधतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आयसीयूत टेकून बसवलेला होता. कुशीत नळी, नाकाला ऑक्सिजन, चेहरा उतरलेला पण शुद्ध पक्की. मी होते, सुमन होती, डबा घेऊन. भटू सलाईन बदलत होता. मॅडम आल्या, छाती दोन्हीकडून ऐकली, समाधानानं मान हलवली आणि म्हणाल्या,

"नाना, आता काही अडचण नाही. चहा, पाणी, मऊ भात, सगळं चालेल. काय द्यायला सांगू?"

नानानं ओठांवरून जीभ फिरवली. पहिल्यांदा सुमनच्या डब्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग मॅडमना म्हणाला,

"पहिले अक्काले इचारा."